नोटाफिक्सची किल्ली

आठ मिलिमीटरचा बोल्ट जर्मनीत नुर्टिंगनात केलेला असो नाहीतर ओसाकात, त्यावर आठ मिलिमीटरचा नट बसतो. बसतो म्हणजे बसतोच. नाही बसला तर दोष नटाचा नसतो, बोल्टाचाही नसतो, कुठल्या तरी गाढवाचा असतो, आणि ते गाढव शोधून काढायचं काम मी चौतीस वर्षं केलं. आमच्या स्क्रूच्या कारखान्यात मोजमाप आणि मानकं असं एक खातं होतं. त्यात तीन टेबलं होती, खिडकीजवळचं माझं. आट्याचा कोन किती सैल चालेल हे ठरवणाऱ्या समितीवर मी अकरा वर्षं होतो. दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यावरून आम्ही दोन हिवाळे भांडलो, आणि जो आकडा ठरला तो छापून जगाला देऊन टाकला. कुणीही घ्यावा, कुणीही त्याबरहुकूम नट करावा, आमची परवानगी नको. याला मी खुलं मानक म्हणतो. संगणकवाले कशाला म्हणतात ते पुढे येईलच.

हे आधीच सांगून ठेवलं, कारण पुढे जे घडलं त्यात मी मूर्ख दिसतो. मी मूळचा तसा नाही, एवढं वाचकाने लक्षात ठेवावं.

सुरुवात मंगळवारी न्याहारीला झाली. रोझविता, म्हणजे माझी बायको, ब्रेत्सेलला, म्हणजे आमच्याकडच्या वेटोळ्या खारट पावाला, लोणी लावता लावता म्हणाली, "ओट्मार, ट्राउब गुरुजींची गाणी छापून हवीत. सोमवारच्या तालमीला. सहा गाणी, बत्तीस प्रती."

"आज दुपारी देतो," मी म्हणालो.

तिने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि ब्रेत्सेल मोडला.

त्या बघण्याचा अर्थ कळायला ट्राउब गुरुजी कळायला हवेत. गावच्या गायकवृंदाला त्यांनी तीस वर्षं शिकवलं आणि त्याच्यासाठी एकतीस गाणी रचली. कुठे छापली नाहीत, कुठे पाठवली नाहीत. हिरव्या कापडी पुठ्ठ्याच्या चार वह्यांत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. जाण्याआधी त्यांनी त्या वह्या रोझविताच्या हातात दिल्या. तिने तीन हिवाळे बसून त्यांतला सूर अन् सूर संगणकात उतरवला. त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम मी निवडला. त्याचं नाव नोटाफिक्स.

वृंदातल्या एकाने तेव्हा सुचवलं होतं की दुसरा एक प्रोग्रॅम घ्या, त्याची लिखाणाची रीत सगळ्यांना खुली आहे, त्यातलं कशातही उघडतं. तो फुकट मिळतो हे कळल्यावर मी नाक मुरडलं. नोटाफिक्स जाड खोक्यात आला होता आणि त्याच्याबरोबर किल्ली होती. किल्ली म्हणजे अंगठ्याएवढा एक ठोकळा. तो संगणकाच्या पाठीत खोचायचा, तरच गाणी उघडणार. मला ती किल्ली फार आवडली. कुलूप आहे त्या अर्थी आत काहीतरी मोलाचं असणार, असं मला वाटलं. चौतीस वर्षं खुल्या मानकांची आरती ओवाळणाऱ्या माणसाला असं वाटावं, यावर मी अलीकडे बराच विचार केलेला आहे.

आणि वह्या? वह्या मी फेकल्या. सगळी गाणी संगणकात गेल्यावर, फेब्रुवारीत, कागदाच्या निळ्या डब्यात टाकल्या. एक वस्तू घरात दोन ठिकाणी असू नये, हा माझा नीटनेटकेपणा. रोझविताला तिसऱ्या दिवशी कळलं, तोवर गाडी येऊन डबा नेऊन रिकामा करून गेली होती. ती म्हणाली, "अस्सं." आम्ही दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन मुलखातली माणसं. आमच्यात "अस्सं" हे अख्खं भांडण असतं. पुढचे अकरा दिवस ती माझ्याशी फक्त जेवणाविषयी बोलली.

मग वृंदाला नवा शिक्षक आला. त्याला टाळ्या वाजवत म्हणायची अमेरिकन गाणी आवडायची. ट्राउब गुरुजींची गाणी तळघरातल्या करड्या संगणकात बावीस वर्षं पडून राहिली. यंदा वृंदाला दीडशे वर्षं झाली. टाळ्यावाला गेला, नवीन बाई आल्या, त्यांनी गुरुजींची गाणी मागितली. सोमवारी मिळाली तर ती, नाहीतर उत्सवात पुन्हा टाळ्या. त्या सहांतलं एक संध्याकाळचं गाणं गुरुजींनी रोझविताच्या गळ्यासाठी लिहिलं होतं, एकटीने म्हणायचं. तिने ते लोकांपुढे कधीच म्हटलेलं नव्हतं. तिला आता अडुसष्टावं चालू आहे. "आवाज अजून दोन वर्षं टिकेल," असं ती पावाला पीठ किती लागेल हे सांगावं तशा आवाजात सांगते.

म्हणून तिने बघितलं.

तळघरातला संगणक एका बटनात चालू झाला. मला गहिवरून आलं. किल्ली जागेवर होती, नोटाफिक्स उघडला, एकतीसच्या एकतीस गाणी हजर. घोडं पेंड खात होतं ते प्रिंटरपाशी. त्याच्या रबरी रुळांचा बावीस वर्षांत चिकट खाऊ झाला होता. पहिला कागद त्याने आत ओढला आणि परत दिला नाही.

बुधवारी मी गावाबाहेरच्या मोठ्या दुकानातून नवा प्रिंटर आणला. विकणाऱ्याला मी तीनदा विचारलं, "हा जुन्या संगणकाशी बोलेल का?"

"हा सगळ्यांशी बोलतो," तो म्हणाला.

बोलत असेल. माझ्या संगणकाच्या पाठीला पंचवीस भोकांचं रुंद तोंड होतं आणि प्रिंटरला चपटी चीर. एवढंही मी डोळ्यांनी बघून घेतलं नव्हतं. सूक्ष्ममापक घेऊन आयुष्य काढलेला माणूस विकणाऱ्याच्या तोंडावर विसंबला. मी आक्सोय बाईंच्या दुकानात गेलो. नुरहान आक्सोय स्टेशनजवळ मोडकी यंत्रं दुरुस्त करतात. त्यांचे वडील तुर्कस्तानातून आले, पण बाईंची बोली माझ्यापेक्षा अस्सल श्वाबेन आहे आणि जीभ त्याहून.

"प्रिंटर घेतलात पण? मला विचारायच्या आधीच?" त्या म्हणाल्या. "म्हणजे आधी लग्न आणि मग मुलगी बघायला आलात."

त्यांनी एक जोड दिला. त्या रुंद तोंडात आधीच किल्ली होती आणि जोड तिच्या पाठीवर बसेना म्हणून त्याला दुसरा जोड दिला. संगणकाच्या मागे हातभर शेपूट तयार झालं: किल्ली, जोड, जोड, वायर, प्रिंटर. मी बटन दाबलं. प्रिंटरच्या छोट्या काचेवर अक्षरं आली: "स्वागत! सुरुवात करण्याआधी मला इंटरनेटशी जोडा."

मी पुन्हा वाचलं. मला कागदावर काळी टिंबं हवी होती. त्यासाठी या डब्याला जगाशी बोलायचं होतं. माझा हातोडा जर खिळा मारण्याआधी म्हणाला असता, की जरा माझ्या घरच्यांना विचारून येतो, तर मी त्याला निळ्या डब्यात टाकला असता. हातोडा निळ्या डब्यात टाकायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. रागात म्हणतो आहे.

आमचं घर आणि इंटरनेट दुसऱ्या मजल्यावर, तळघरात त्याचा वासही नाही. ते ज्या खोक्यातून येतं ते कंपनीचं. लहरी वाढवणारं एक यंत्र मी पाच वर्षांपूर्वी आणून ठेवलं होतं, ते खोक्याला जोडायला गेलो तर खोकं त्याला ओळख दाखवेना. मी कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं वाजंत्री ऐकल्यावर एका गोड आवाजाने सांगितलं, "आपलं यंत्र आमच्या यादीत नाही."

"पण त्यावर मानकाचा शिक्का आहे. तुमच्या खोक्यावरही तोच शिक्का आहे. एकच मानक आहे हो दोघांचं!"

"मानक तेच आहे," आवाज म्हणाला, "पण आमच्या खोक्यात आम्ही त्यात थोडी सुधारणा केलेली आहे."

थोडी सुधारणा! आमच्या समितीत कुणी आट्याच्या कोनात थोडी सुधारणा करून परस्पर नट विकले असते, तर त्याला आम्ही कॉफीलासुद्धा बसू दिलं नसतं.

"मग ती यादी तरी पाठवा."

"यादी अंतर्गत आहे."

बरं, म्हणून मी प्रिंटर उचलून दुसऱ्या मजल्यावर नेला. तिथे तो खोक्याशी जोडला गेला, माझी जन्मतारीख विचारली, मी किती जणांच्या घरात राहतो ते विचारलं, आणि समाधान झाल्यावर म्हणाला, तयार. पण आता प्रिंटर वर आणि संगणक खाली. प्रिंटर खाली नेला की त्याला घरची आठवण येऊन तो पुन्हा "स्वागत" म्हणायला लागायचा. गुरुवारी मी तीस मीटर वायर आणली आणि दुसऱ्या मजल्यापासून तळघरापर्यंत जिन्याच्या कडेकडेने सोडली. खिळा मारला नाही, भोक पाडलं नाही. अगदी शिस्तीत.

तासाभरात जिन्यात चिठ्ठी लागली. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, ओळी पट्टीने मारल्यासारख्या सरळ. "जिना ही सहा घरांची सामाईक मालमत्ता आहे. सामाईक जागेत वायर टाकण्यास मालकांच्या सभेची मंजुरी लागते. सभा नोव्हेंबरात आहे. विषय ऑक्टोबरअखेर लेखी द्यावेत. गो. शेख्टरले, तळमजला."

गोटहिल्फ शेख्टरले. निवृत्त कर-निरीक्षक. आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी आठवड्यागणिक फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. शेख्टरले दुसऱ्यांच्या पाळीतही जिन्याच्या कडांवरून बोट फिरवून बघतात. कुणी कुठल्या डब्यात काय टाकलं यावर त्यांची नजर असते. सत्तावीस वर्षं शेजारी राहून आम्ही अजून एकमेकांना "हेर", म्हणजे श्रीयुत, आणि "तुम्ही" म्हणतो आणि त्या "तुम्ही"तही कात्री असते.

मी त्यांचं दार वाजवलं. "हेर शेख्टरले, सोमवारपर्यंत फक्त. गायकवृंदाचं काम आहे."

"हेर रेनिंगर, आज वायर, उद्या सायकल, परवा कुणी जिन्यात कोंबड्या पाळेल."

"मी कोंबड्या पाळणार नाही!"

"ते आत्ता म्हणताय," ते म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

वरच्या मजल्यावरच्या राप्प बाईंनी जिन्यातूनच सल्ला दिला की संगणकाशेजारी निवडुंग ठेवा, त्याने लहरी शुद्ध होतात. मी निवडुंग ठेवला नाही. राप्प बाईंनी तो आणून ठेवला.

वायर गुंडाळत मी घरात आलो तेव्हा रोझविता मसुरीची आमटी ढवळत होती. माझं सगळं भाषण तिने ऐकून घेतलं. कंपनी, यादी, शेख्टरले, कोंबड्या. मग म्हणाली, "संगणकच का नाही वर आणत?"

चौतीस वर्षं मोजमाप खात्यात काढलेल्या माणसाला तीन दिवसांत हे सुचलं नव्हतं आणि ते आमटी ढवळता ढवळता सुचावं, यात काहीतरी अन्याय आहे.

शुक्रवारी मात्र मी सगळं नीट आखलं. त्या आठवड्यात झाडलोटीची पाटी आमच्याच दारावर होती. ठरवलं, आधी जिना पुसून टाकायचा म्हणजे शेख्टरलेंना बोलायला जागा नको, आणि मग संगणक वर. दुपारी एक ते तीन इमारतीत शांतता पाळायची असते, म्हणून एकच्या आत उरकायचं. डोक्यात राग होता, त्यामुळे बादलीत साबण दुप्पट पडला. जिना असा चकाकला की त्यात तोंड दिसावं. एकला एक मिनिट कमी असताना मी संगणक छातीशी धरून तळघरातून निघालो. किल्ली पाठीत तशीच खोचलेली, जोडांचं शेपूट लोंबतंय, त्याच्या माथ्यावर राप्प बाईंचा निवडुंग. तो का आणला ते विचारू नका. हात मोकळा नव्हता म्हणून आणला.

माझ्या स्वतःच्या साबणावर माझा स्वतःचा पाय घसरला. मी तिथेच बसलो. संगणक मात्र अकरा पायऱ्या एकेक करून उतरला आणि तळघराच्या दारावर जाऊन आदळला. निवडुंग त्याच्याही पुढे गेला.

शेख्टरलेंचं दार उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं, मग मनगटाकडे.

"एक वाजून तीन मिनिटं," ते म्हणाले.

तीनच्या ठोक्याला मी सगळे तुकडे कपड्यांच्या टोपलीत भरून आक्सोय बाईंकडे गेलो. त्यांनी आतली तबकडी काढली, दुसऱ्या यंत्राला लावली, आणि पडद्यावर नावं आली. एकतीस. मी ती बोटाने मोजली.

"गाणी जिवंत आहेत," बाई म्हणाल्या. मग त्यांनी टोपलीतून किल्लीचे दोन तुकडे काढून उजेडात धरले. "ही मेली."

"मग किल्लीशिवाय उघडा."

"हेर रेनिंगर, तुमची गाणी कुलपात आहेत, किल्ली मोडली आहे, आणि कुलूप बनवणाऱ्याने आत काय रीतीने लिहिलंय ते कुणाला सांगितलेलं नाही. एखादा हुशार माणूस महिन्याभरात फोडेल. सोमवारी नाही." त्यांनी चष्मा काढला. "असलं कुलूपवालं कुणी निवडलं हो? तेव्हा खुल्या रीतीचं मिळत होतं की."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. स्टेशनसमोर बघण्यासारखं काही नाही.

नोटाफिक्सवाली कंपनी दुसरीने गिळली होती, दुसरीला तिसरीने. तिसरीचा फोन लागला. तिथला माणूस नम्र होता.

"नोटाफिक्सची सेवा २००९ साली संपली. मोडक्या किल्ल्या बदलून द्यायची एक योजना होती, ती २०११ साली संपली."

"मग आता मी काय करू?"

"आमचं नवं उत्पादन घ्या."

"त्यात जुनी गाणी उघडतात?"

"नाही. पण नवी लिहिता येतात."

"लिहिणारे गुरुजी वारले," मी म्हणालो.

"ऐकून वाईट वाटलं. आमच्या आजच्या सेवेला एक ते दहापैकी किती गुण द्याल?"

या माणसांना मी काय म्हणतो ते छापण्यासारखं नाही. सभ्य शब्दांत एवढंच सांगतो: जो स्वतःच्या कुलपाची किल्ली स्वतःच हरवतो आणि तुमची वस्तू आत ठेवून तुम्हालाच नवं कुलूप विकायला येतो, त्याला आमच्या गावात व्यापारी म्हणत नाहीत. आणि असल्याकडून कुलूप विकत घेणाऱ्याला काय म्हणतात, तेही मला माहीत आहे.

रोझविताला शुक्रवारी सांगितलं नाही. ती आरशासमोर उभी राहून संध्याकाळचं गाणं आठवून बघत होती. पहिलं कडवं पाठ होतं. दुसऱ्याच्या मध्यात ती थांबली, मागे गेली, पुन्हा तिथेच थांबली. "छापील मिळालं की बघते," ती म्हणाली. मी जेवलो नाही.

शनिवारी सकाळी दहाला दार वाजलं. शेख्टरले. हातात चिठ्ठी.

"हेर रेनिंगर, काल जिन्यावर साबणाचं प्रमाण..."

माझा बांध फुटला. सत्तावीस वर्षांत मी त्या माणसापुढे आवाज चढवला नव्हता. "घाला तुमचा साबण चुलीत! जिना घाला, डबे घाला, सभा घाला! माझ्या बायकोची गाणी गेली, कळतंय का? ट्राउब गुरुजींची एकतीस गाणी! वह्या मी फेकल्या, मीच, या हातांनी निळ्या डब्यात टाकल्या आणि उरलेली त्या पायऱ्यांवरून पाडली! आता लिहा त्याची चिठ्ठी!"

मागे स्वयंपाकघराच्या दारात रोझविता उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती "अस्सं"सुद्धा म्हणाली नाही. खुर्ची ओढून बसली आणि तिचे दोन्ही हात मांडीवर तसेच पडून राहिले. असं तिला मी कधी बघितलेलं नाही आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

शेख्टरलेंनी चिठ्ठीची घडी घातली. "हिरव्या वह्या? कापडी पुठ्ठ्याच्या? तारेने शिवलेल्या?"

"तुम्हाला काय माहीत?"

"थांबा," ते म्हणाले आणि खाली गेले.

परत आले तेव्हा बगलेत एक फाईल होती. कण्यावर लेबल: "रेनिंगर". मला फाईल आहे हे मला माहीत नव्हतं. ती जाड होती. त्यांनी ती आमच्या टेबलावर ठेवली, कड्या उघडल्या आणि चार प्लॅस्टिकच्या पिशव्या एकेक करून काढल्या. प्रत्येकीत एक हिरवी वही. प्रत्येकीवर चिकटवलेलं: "पुरावा क्र. १ ते ४. दि. १४ फेब्रुवारी २००२, सकाळी ७.१०. कागदाच्या डब्यात कापड व धातू टाकणे. नियम ६."

रोझविताने हात पुढे केला, मागे घेतला, ॲप्रनला पुसला, आणि मग पहिली वही उघडली. ट्राउब गुरुजींचं अक्षर. माशीने शाईत पाय बुडवून फेऱ्या घातल्यासारखं, पण काळं, स्पष्ट, कुठे एक डाग नाही. त्याला किल्ली लागली नाही, जोड लागला नाही, जन्मतारीख लागली नाही.

"बावीस वर्षं तुम्ही हे ठेवून घेतलंत?" मी विचारलं. "आणि बोलला नाहीत?"

"मला कुणी विचारलं नाही."

"मग तक्रार तरी का नाही दिलीत?"

"देणारच होतो. त्या वर्षी सभेच्या विषयांची मुदत दोन दिवसांनी हुकली. पुढच्या वर्षी छपराचा विषय होता." त्यांनी पिशव्यांच्या कडा जुळवल्या. "शिवाय उघडून बघितल्यावर वाटलं की हे नष्ट होता कामा नये. पुरावा म्हणून."

रोझविताने पान उलटलं आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्यापासून हलकेच गुणगुणायला लागली. काल थांबली होती तिथून पुढे. शेख्टरले खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. कर-निरीक्षकाला नाक शिंकरायला एवढा वेळ लागत नाही.

वह्या मात्र फुकट मिळाल्या नाहीत. शेख्टरलेंनी खिशातून कागद काढला. मी लिहून द्यायचं होतं की अमुक दिवशी मी कागदाच्या डब्यात कापड व धातू टाकला, आणि याउपर टाकणार नाही. मी सही केली. त्यांनी कागदाला भोकं पाडली आणि फाईलच्या कड्यांत अडकवला. दोन भोकं, मध्ये बरोबर ऐंशी मिलिमीटर. जगातला कुठलाही कागद त्या फाईलीत बसतो, कुठलीही फाईल त्या कागदाला चालते, कुणाची यादी नाही, कुणाची सुधारणा नाही. अपमानाच्या त्या क्षणीही माझ्या मनात आलं की हे फार उत्तम मानक आहे.

प्रती काढायच्या होत्या. नव्या प्रिंटरवर वही ठेवली तर तो म्हणाला, काळी शाई थोडी कमी आहे, आमच्याच कंपनीची नवी बसवल्याशिवाय प्रत काढणार नाही. थोडी कमी! मी त्याचा प्लग काढला आणि आक्सोय बाईंकडे गेलो. त्यांनी दुकानातल्या जुन्या झेरॉक्सवर बत्तीस प्रती काढून दिल्या. प्रिंटर मोठ्या दुकानाने परत घेतला नाही, कारण तो माझ्या जन्मतारखेनिशी नोंदलेला आहे. तो आता तळघरात आहे. त्याच्यावर राप्प बाईंचा निवडुंग ठेवला आहे. मोडलेल्या फांदीला नवा कोंब फुटलाय.

उत्सव झाला. रोझविताने संध्याकाळचं गाणं म्हटलं. त्याविषयी मी लिहिणार नाही, माझ्या आवाक्यातलं ते काम नाही. एवढंच सांगतो की तिसऱ्या रांगेत शेख्टरले बसले होते आणि शेवटचा सूर विरायच्या आधीच कुणीतरी टाळी वाजवली तेव्हा त्यांनी वळून त्या माणसाकडे असं बघितलं, की त्याने हात मांडीखाली घातले.

दुसऱ्या दिवशी रोझविताने चारही वह्या पुसून बैठकीच्या कपाटात ठेवल्या. कपाटाला कुलूप लावलं. किल्ली हातात घेऊन ती दाराकडे निघाली.

"कुठे?" मी विचारलं.

"खाली. हेर शेख्टरलेंकडे ठेवायला."

"शेख्टरलेंकडे? अगं, मी या घरात राहतो! माझ्याकडे दे की."

तिने चपला घातल्या. माझ्याकडे वळून बघितलं, प्रेमानेच बघितलं, हे मी आवर्जून सांगतो.

"नको ओट्मार," ती म्हणाली. "तू फार नीटनेटका आहेस."

शेख्टरलेंनी किल्लीची पावती दिली. ती माझ्या फाईलीत लावलेली आहे, त्यांच्याकडे.